कणकेत घेतलेली मूठ

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्यात गेली. नगरच्या एमआयडीसीत मी इन्स्पेक्शनला होतो. तयार भाग हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, मापात बसला तर पुढे, नाहीतर लाल खडूची फुली मारून परत. निवृत्त झालो तरी खोड काही गेली नाही. पोळी जरा वाकडी आली की माझं तोंड उघडतंच. बायको म्हणते, "खडू तेवढा खिशातून काढू नका."

असा माणूस विणायच्या सुया बनवायला निघाला तो आईमुळे. आई मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवायची. आमच्या घरातला प्रत्येक स्वेटर तिच्या हातचा. सावेडीत फ्लॅट घेतला त्या सुमारास तिच्या अंगठ्यांचे सांधे सुजायला लागले. पुढे माझ्या मुलीला दिवस राहिले तेव्हा आई म्हणाली, "बाळंतविड्यातला स्वेटर मी करणार. मग सुया ठेवून देईन." पण अर्ध्या तासातच ती हात गरम पाण्यात बुडवून बसायची. मला ते बघवेना, आणि बघवलं नाही की मी दुरुस्ती शोधतो.

मला वाटलं, दोष सुईत आहे. अॅल्युमिनियमची ती बारीक, गुळगुळीत सळई. दुखरा अंगठा ती पकडणार कशी? सळई थोडी जाड करायची आणि मागे स्क्रूड्रायव्हरसारखी भरीव मूठ बसवायची. मुठीचं माप काढायला मी बायकोकडून कणकेचा गोळा घेतला आणि आईला म्हणालो, "घट्ट धर." आईने धरला. चार बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे कणकेत छान उमटले. "आता काय, माझ्या हाताची पोळी लाटणार का रे?" ती हसून म्हणाली. तो गोळा वाळवून मी ओळखीच्या लेथवाल्याकडे नेला. दोन महिने आम्ही दोघं त्या मुठीशी झटत होतो. तेवढ्या दिवसांत आई विणत असताना तिच्याशेजारी मी एकदाही बसलो नाही. ठसा होता ना माझ्याकडे!

पहिली जोडी तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती डोळ्यांजवळ नेली, मूठ कुरवाळली आणि म्हणाली, "किती सुबक केलीस रे." मी रोज विचारायचो, "जमतंय ना?" ती रोज म्हणायची, "जमतंय." अशा सुया विकायच्याही ठरवून दुपारी मी लेथवाल्याकडे आणखी जोड्या करवून घेत असायचो. परत येईपर्यंत स्वेटर बोटभर वाढलेला असायचा आणि तिच्या पिशवीतून नव्या सुयांच्या मुठी बाहेर डोकावत असायच्या. माझी छाती फुगायची. हा स्वेटर आधी लोकांना दाखवायचा आणि मग नातवंडाला घालायचा, असं मी ठरवून टाकलं.

गळ्याजवळ आल्यावर टाके ढिले पडले. मी फूटपट्टी लावून बघितलं, एका बाजूचा काठ लोंबत होता. "आई, हे लोकांसमोर मांडायचंय. उसव आणि परत कर." तिने उसवलं. दुसऱ्यांदाही काठ तसाच आला. मी पुन्हा उसवायला लावलं. तिसऱ्यांदा काठ सरळ आला.

सुया बाजारात आणायचा मुहूर्त बायकोने सुचवला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या हॉलमध्ये याच सुयांचं वाण लुटायचं. बाबा गेल्यापासून आई अशा समारंभात मागे स्वयंपाकघरात थांबायची. त्या दिवशी बायकोने तिला हात धरून पुढच्या खुर्चीत बसवलं, कपाळाला कुंकू लावलं. शेजारच्या टेबलावर तो पिवळा स्वेटर होता. मी पुरुषमाणूस म्हणून दारात उभा, पण कान आत. बायका सुया हातात घेऊन "वा, किती छान" म्हणत होत्या. वाणाला कोणी नावं ठेवत नाही, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

पारनेरच्या बाजारात लोकर विकणाऱ्या एका बाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी दुकानात सुया ठेवल्या तर आमचं गाडं पुढे सरकणार होतं. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला, खाली सतरंजीवर बैठक मारली आणि माझ्या सुयांवर टाके घालून चार ओळी विणल्या. मग उठून आपलं विणलेलं त्या स्वेटरवर ठेवलं आणि मला आत बोलावलं.

"दादा, राग मानू नका. ह्यो सेटर ह्या सुयांचा न्हाई."

"म्हणजे?"

"बगा की. तुमच्या सुईचा टाका लई मोटा पडतो. ह्यो बारीक हाय, जुन्या सुईचा. आन् ही मूठ कशापायी? आमी सुई काखेत धरतो, बोटं फुडं टोकाशी असत्यात. मूठ काखेत टोचती, आन् जड हाय म्हनून मनगाट भरून येतं."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते असं. मी दोन्ही तुकड्यांकडे बघितलं. आंधळ्यालाही कळला असता एवढा फरक होता. मग माझं डोकं फिरलं. त्या बाईंवर नाही, आईवर. हॉलभर बायका असताना मी ओरडलो, "खोटं कशाला बोललीस? चारचौघांत माझी शोभा केलीस!"

आईने हात पदराखाली घेतले. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी जिना उतरून थेट रस्त्यावर आलो.

संध्याकाळी आई गॅलरीत बसली होती. कुंकू तिने पुसून टाकलं होतं. मी शेजारी जाऊन टेकलो, तेव्हा तीच बोलली. "तुझी सुई धरली की मनगट धरायचं. पण तू इतक्या हौसेने केलीस, आणि रोज विचारायचास. नाही कसं म्हणू?"

"मग ठेवून द्यायचं होतंस. जुन्या सुयांवर कशाला हाल करून घेतलेस?"

"तुला स्वेटर मांडायचा होता ना."

तेव्हा कुठे मला तो काठ आठवला. दोनदा उसवलेला. सुजलेल्या अंगठ्याने, जुन्या सुयांवर, मी घरात नसताना तिने तो परत परत विणला होता आणि मी फूटपट्टी लावत होतो. मला माझीच इतकी शरम वाटली की मान वर करता येईना. सगळ्या नोकरीत मी एवढी मोठी चूक नजरेआड केली नव्हती.

सुयांची खोकी माळ्यावर गेली. महिन्याभराने मी धीर करून आईला म्हटलं, "एकदा विणून दाखव. मी नुसता बघतो." तिने जुन्या सुया काढल्या आणि एक काखेत अडकवली. बोटं टोकाशी गेली, मूठ कुठे वळलीच नाही. एवढं साधं होतं ते. तीन टाके पडले. चौथ्याला अंगठा वाकेना. तिने दोनदा प्रयत्न केला, मग ते तीन टाके तसेच सुईसकट माझ्यापुढे धरले.

"बघ रे," ती म्हणाली, "बरोबर आलेत का?"

मधला टाका ढिला होता.

"बरोबर आहेत, आई," मी म्हणालो.