गोरेगावच्या दवाखान्यातून पुण्याच्या सभागृहात

डॉक्टरांच्या परिषदा भरवणं हा माझा व्यवसाय. हल्ली त्या हायब्रिड असतात: निम्मे डॉक्टर पुण्याच्या सभागृहात, निम्मे आपापल्या गावी पडद्यासमोर. आमची आखणी कागदावर छान दिसते. पण लहान गावांतले डॉक्टर हौसेने नाव नोंदवतात आणि पहिल्या चहापर्यंत गळतात. यंदा हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या डॉ. प्रज्ञा यांचा निबंध निवडला गेला, तेव्हा मी सहकारी केतकीला म्हटलं, "सभागृह तू सांभाळ. मी पडद्याच्या पलीकडे जाऊन बसते."

पुण्याहून हिंगोलीला रात्रीच्या स्लीपर बस मिळतात. सुट्टीला लागून जाणार असाल तर आधीच आरक्षण करा. सकाळी हिंगोलीत उतरून चहा-पोहे घेतले आणि गोरेगावची जीप शोधली. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे धरूनच बेत आखावा. थंडीचे दिवस होते. दोन्ही अंगांना हरभरा, कापणीला आलेली तूर, मधेच हळदीची पिवळी पडत चाललेली पानं. ड्रायव्हरने विचारलं, "ताई, कोणाकडं चालल्या?"

"डॉक्टर मॅडमकडे."

"काहून, तब्येत बराबर न्हाई का?"

"तब्येत ठीक आहे हो. उद्या मॅडमचं पुण्याच्या डॉक्टरांपुढे भाषण आहे."

"मंग मॅडमच पुण्याला जातीन ना. तुमी इकडं काहून येऊन राहिल्या?"

जीपमधले सगळे हसले. मीही हसले.

मॅडम पुण्याला का जात नाहीत, ते संध्याकाळी कळलं. प्रज्ञाताई आणि त्यांचे यजमान डॉ. मिलिंद, दोघंही डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. राहायचं असेल तर सोय हिंगोलीत पाहावी. मला मात्र त्यांनी घरीच ठेवून घेतलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. स्वयंपाकघरात खुंटीला परिषदांच्या कापडी पिशव्या लटकत होत्या. एकीत कांदे, एकीत लसूण.

"परिषदेला मीच जातो," मिलिंदसर म्हणाले. "कोणीतरी इथं लागतंच. बाळंतपणं हिच्याकडं, म्हणून हीच राहते. मी पिशवी घेऊन येतो."

"आणि ऑनलाइन?" मी विचारलं.

प्रज्ञाताई म्हणाल्या, "मागे बसले होते. मधे पेशंट आला. परत आले तर विषय संपलेला. प्रश्न लिहून पाठवला, तो कोणी वाचलाच नाही. मग कशाला बसायचं?"

मी सुचवलं, भाषण आधीच रेकॉर्ड करून ठेवू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "रेकॉर्डिंगला प्रश्न कोण विचारणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांची वेळ जेवणाच्या आधीची होती. कॅमेरा लावला, आवाज तपासला, केतकीकडे स्लाइड पोचल्या. प्रज्ञाताईंनी नवी साडी नेसली होती. एवढ्यात खाली रिक्षा थांबली आणि एक म्हातारी जिन्यातूनच ओरडली, "मॅडम, लवकर चला! सुनंला लई तकलीफ होऊन राहिली!"

प्रज्ञाताईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि खाली गेल्या.

मी केतकीला फोन लावला. तिच्या मागे आयोजक समितीतल्या डॉक्टरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता: वेळ टळली की संधी गेली, असा नियम आहे. नियम माझाच होता. "अध्यक्षांनाच विचार," मी म्हटलं. सत्राच्या अध्यक्ष प्रसूतिशास्त्रातल्या ज्येष्ठ डॉक्टर. त्यांनी सरळ सांगितलं, "जेवणानंतर पहिल्या त्यांनाच घ्या. तेव्हाही नाही जमलं, तर शेवटी घ्या."

जेवणानंतर प्रज्ञाताई वर आल्या. मुलगी झाली होती, आई-लेकरू सुखरूप. त्यांनी साडीवर पांढरा कोट चढवला, खुर्चीत बसल्या, आणि लाइट गेली. इन्व्हर्टर चालू झाला. पण नेट गेलं आणि पडद्यावरचं सभागृह जागच्या जागी गोठलं. मी व्हिडिओ बंद केला आणि केतकीला साधा फोन लावला. तिने तो माइकला धरला आणि स्लाइड तिथून सरकवू लागली.

प्रज्ञाताई नुसत्या फोनवर बोलल्या. विषय साधा होता: गरोदर बाया रक्तवाढीच्या गोळ्या मधेच का सोडतात? गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्या घाबरतात आणि लाजेनं सांगत नाहीत. म्हणून प्रज्ञाताई हे आधीच सांगतात, तेही सासूला समोर बसवून. "सासूला कळलं की ती सुनेच्या गोळ्या बंद करत नाही, उलट आठवण करते," त्या म्हणाल्या. तिकडून हसू ऐकू आलं, मग प्रश्न. एकामागून एक. अध्यक्षबाई प्रत्येक प्रश्न स्वतः फोनजवळ येऊन पुन्हा सांगत होत्या.

दारात मिलिंदसर गळ्यात स्टेथोस्कोप तसाच ठेवून उभे होते.

"ऐकलं का?" फोन ठेवल्यावर ताईंनी विचारलं.

"ऐकलं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कधी विचारलं?" असं म्हणून त्या हसल्या आणि नव्या बाळंतिणीला पाहायला खाली गेल्या.

पुण्याला परतल्यावर मी आखणी बदलायला घेतली. लांबच्या वक्त्यासाठी वेगळा फोन, आणि पेशंट आला तर वेळ पुढे सरकवायची मुभा, एवढं समितीने मान्य केलं. चहाच्या सुट्टीत पडदा चालू ठेवायचा, म्हणजे गावातल्या डॉक्टरांनाही गप्पांत येता येईल, हे अजून अडून आहे. गप्पांसाठी खर्च कशाला, असं एकजण म्हणाले. मी पुन्हा मांडणार आहे.

परवा हेच सांगायला प्रज्ञाताईंना फोन लावला, तर लागेना. दुसऱ्या फोनवर बोलत होत्या. थोड्या वेळाने त्यांचाच आला. "सॉरी हं. एक केस अवघड वाटत होती, म्हणून तुमच्या त्या अध्यक्ष मॅडमशी बोलून राहिले होते."

"तुमच्याकडे त्यांचा नंबर कसा?"

"त्यांनीच मागून घेतला ना माझा! त्याच दिवशी."