सरांचा स्टॅगर

आमच्या इंग्रजीच्या सरांनी आयुष्यात एकही चूक केलेली नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं निम्मं रिसोड भीतीपोटी का होईना, मान डोलावतं. शब्दकोशात न पटणारा अर्थ दिसला की ते लाल पेन काढून शब्दकोशच तपासतात आणि समासात 'पुन्हा लिहा' असा शेरा मारतात. त्यांच्या मते चालण्याचा इंग्रजी शब्द तोंडाने शिकवताच येत नाही, पायाने शिकवावा लागतो. 'लिम्प' शिकवायचा म्हणजे तास संपेपर्यंत लंगडायचं. 'टिपटो' शिकवताना ते चवड्यांवर निघाले ते थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचले, आणि मुख्याध्यापक खुर्चीत घोरताना सापडले. "अर्थ डोक्यात राह्यत नाही पोट्टेहो, पायात राह्यते," असं वर म्हणायला ते मोकळे.

पण सरांचा खरा जीव 'स्टॅगर' या शब्दावर. झोकांड्या खात, तोल सावरत, पडतापडता न पडता चालणं. ज्या माणसाला सुपारीचंही व्यसन नाही, तो माणूस हा शब्द असा काही चालून दाखवायचा की बघणाऱ्याला चक्कर यावी. एकदा भर बाजारात, सोयाबीनच्या पोत्यांमधून त्यांनी कुणाला तरी तो समजावला, तेव्हा दोन हमालांनी पाठीवरची पोती टाकून त्यांना धरलं. सरांना ती दाद वाटली. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण पाय होतेच. मग वाण्याच्या दुकानात, एसटीच्या रांगेत, जिथे कुणी तावडीत सापडेल तिथे तास सुरू.

मी सापडलो तो किन्हीराजा गावी, माझ्याच सोयरिकीच्या दिवशी. बाबा नाहीत, मामा आजारी, म्हणून वडीलधारे म्हणून सरांना नेलं होतं. मुलीशी महिनाभर फोनवर बोलणं चाललं होतं आणि मी मनातून पुरता होकार देऊन बसलो होतो. फाट्यावर जीपमधून उतरलो तर माझे पाय लटपटत होते. सर म्हणाले, "काहून स्टॅगर करून राह्यला बे? अर्थ आठवते का?" मी गाढवासारखा म्हणालो, "नाही सर."

झालं! फाट्यापासून पारापर्यंत सरांनी अर्थ सांगितला. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सांगितला. एका बैलगाडीला बाजूला व्हायला लावलं. पारावर मुलीचे वडील आणि त्यांची सगळी भावकी आमच्या स्वागताला उभी होती आणि एकटक बघत होती.

घरी गेलो तर पाणी आलं, पण पोहे येईनात. शेवटी मुलीचे वडील म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण ज्यायच्या घरचं मोठं माणूस दिवसाढवळ्या पेऊन येते, तिथं आमी पोरगी देत नाही." मी शपथा घेतल्या, इंग्रजी शब्दाची हकीकत सांगितली. ती तर मलाही खोटी वाटायला लागली. आतल्या दाराशी मुलीची सावली हलली आणि माझं काळीज तुटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून मुलीचे काका उठले. दारूच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांचा शब्द प्रमाण. "हे मास्तर पेलेले नाहीत," ते ठामपणे म्हणाले. "पेलेला माणूस पाय टाकाच्या आंधी जमीन धुंडते. हे तं सिधे पाय टाकून राह्यले होते, अन् वरचं आंग हालवून राह्यले होते. साफ चुकीची चाल हाय ही."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. मुलीच्या वडिलांना मात्र ते पटलं. "मंग बोला मास्तर," ते म्हणाले. "चाल बरोबर होती, तं तुमी पेलेले. चुकली होती, तं सोयरीक पक्की."

मी सरांकडे बघायचं धाडस केलं नाही. पस्तीस वर्षं ज्याने शब्दकोशाचंही ऐकलं नाही, त्याने एका दारुड्यापुढे हार मानावी असं कोणत्या तोंडाने सांगणार? सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माह्यं."

पोहे आले. लग्नही झालं. त्यानंतर मात्र सरांनी कुणाला स्टॅगर करून दाखवल्याचं ऐकिवात नाही. कुणी अर्थ विचारलाच तर खुर्चीत बसून, दोन शब्दांत सांगतात. माझा संसार सुखाचा आहे, आणि म्हणूनच हे मला फार लागतं. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा धीर करून म्हणालो, "सर, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं."

सर चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"मले तवाच मालूम होतं बे," ते म्हणाले.