गुडघे फाटणारी शाळा

टेपमामा शिंपी होते, आणि मोजमापाची टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरत नसे. जेवताना नाही, लग्नकार्यात नाही. मामी म्हणायच्या, "बरं झालं, निदान हरवले तर ओळख पटेल."

आसपासच्या खेड्यांत मिळून सरकारी हायस्कुलं तीन. तिन्हींचे गणवेश मामांच्याच मशीनवर शिवले जायचे आणि फाटले की दुरुस्तीला तिथंच परत यायचे. त्यामुळे मामांनी एकाही शाळेची पायरी न चढता तिन्ही शाळांचा निकाल लावून टाकला होता.

"शांगतो, नीट शमजून घे," ते भाचीला म्हणाले. तोंडात टाचण्या धरल्या की मामांचा प्रत्येक 'स' असा घसरायचा. "रश्त्यावरची मोठी शाळा. तिथल्या पँटी बशायच्या जागी फाटतात. का? पोरं बशतात! बशून अभ्याश करतात! मधल्या शाळेची तर एक पँट दुरुश्तीला येत नाही. पोरं शंश्कारी! आणि टेकडीखालची? तिथले गुडघे फाटतात. म्हणजे शिक्षा. दिवशभर गुडघ्यावर!"

"मामा, मला टेकडीखालचीच हवीय. तिथं यंत्रं खोलायला देतात म्हणे."

"यंत्रं? माझं मशीन दोनदा खोललंश, पोट भरलं नाही?"

भाची सातवी पास झालेली. तिची आई दूरच्या दवाखान्यात नर्स. "दादा म्हणेल तिथं जा" असं पोरीला फोनवर सांगून मोकळी झालेली. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस. पोरीचा चेहरा पार उतरला. मोठ्या शाळेत तीन वर्षं नुसतं बसायचं?

मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, कापड हातात न घेता कधी कात्री चालवलीत का? मग पोरीच्या बाबतीत बरी चालवताय! जा, बघून तरी या."

हे मात्र मामांना लागलं. त्यांनी टाचण्या काढल्या, भाचीला स्कूटरवर मागं बसवलं आणि निघाले.

मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक दोन शब्दांच्या मध्ये एवढं थांबायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, संपलं. "विद्यार्थी... हे आमचं... दैवत! आणि शिस्त... हा आमचा... श्वास!" एवढं बोलून त्यांनी खरोखरच एक श्वास घेतला. "बसा. विद्यार्थ्यांच्या... बाकावर बसा. अनुभव... घ्या!"

मामा बसले. अनुभव आला. चर्रर्र!

बाकाच्या फळीतून खिळा बोटभर वर आलेला. भाचीनं वाकून पाहिलं, तर शेजारच्या बाकालाही खिळा, त्याच्या शेजारच्यालाही. वर्गातली पोरं मात्र पटाईत. सगळी एका कुशीवर कलून बसलेली, वाऱ्यात झुकलेल्या पिकासारखी.

"हे ठोकून का नाही घेत?" मामांनी विचारलं.

"प्रस्ताव... पाठवलाय!"

मामा पाठीमागं हात धरून, आडवे चालत बाहेर पडले. भाचीनं हसू गिळलं. ते तिच्या नाकातून बाहेर आलं.

"दात काढू नकोस. मधली शाळा राहिलीय अजून."

मधल्या शाळेत शिपाईकाका व्हरांड्यात ऊन खात होते.

"मुलं कुठायत?"

"आज नाहीत."

"काल?"

"कालही नव्हती बहुतेक."

"मग येतात कधी?"

"तपासणीला येतात की! झाडून सगळी. एकदम कडक गणवेशात!"

मामांनी टेपेचं एक टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एवढ्या वर्षांत इथली एकही पँट त्यांच्याकडे दुरुस्तीला का आली नव्हती, ते आता उघड होतं. स्कूटरला लाथ मारत ते पुटपुटले, "शंश्कारी!" या वेळी तोंडात एकही टाचणी नव्हती.

टेकडीखालच्या शाळेला धड फाटकसुद्धा नव्हतं. मागच्या अंगणात घोळका गुडघ्यांवर बसलेला. मामांनी भाचीचा हात दाबला. "बघ. शिक्षा."

पण घोळक्याच्या मध्ये विज्ञानाच्या बाईही गुडघ्यांवरच होत्या, कपाळाला ग्रीस. समोर जुनी सायकल, तिच्या चाकावरून पट्टा, पट्ट्याच्या पलीकडं पाण्याचा पंप. एक पोरगा पेडल मारमारून लालबुंद झालेला. पाण्याचा थेंब नाही.

"बाई, हा पंपच भिकार आहे!"

"पंपाला नावं ठेवू नकोस, पंपाकडे बघ," बाई म्हणाल्या.

भाची केव्हाच हात सोडवून पुढं गेली होती. ती त्या सगळ्यांत गुडघे टेकून बसली. "चाक फिरतंय, पट्टा नुसता घसरतोय. सैल झालाय. आमच्या मशीनचाही होतो. कापून आखूड करायला पाहिजे."

"किती?" बाईंनी विचारलं. तू कोण, कुठली, काही नाही. फक्त, किती?

भाचीनं मागं वळून पाहिलं. "मामा, टेप!"

मामा क्षणभर आपली अडचण पाठीमागं सांभाळत उभे राहिले. मग त्यांनी ती सोडली वाऱ्यावर आणि तेही बसले गुडघ्यांवर. मागं जे दिसायचं ते दिसलं, पोरं खिदळली, मामांना त्याचं भान नव्हतं. त्यांनी माप घेतलं, भाचीनं खूण केली, बाईंनी पट्टा कापला, मामांनी त्याची दोन टोकं जोडणारी तारेची कडी अशी काही आवळली की जणू नवरदेवाचा कोट बेततायत.

"हं, मार पेडल!"

खळखळ, गुरगुर, आणि फस्स करून पाणी आलं ते थेट मामांच्या तोंडावर. अंगण नुसतं ओरडत सुटलं. मामा सगळ्यांत मोठ्यानं.

कार्यालयात कारकून कुलूप हातात घेऊनच उभे होते. मामा भाचीला घेऊन निथळत आत शिरले. "थांबा! माझी भाची आठवीला. याच शाळेत. आत्ता."

"आधी पुसून तरी घ्या, साहेब."

"पुसणं घरी होईल. प्रवेश बंद होतोय!"

मामा सही करेपर्यंत खिडकीतून अंगणातल्या हाका यायला लागल्या, "ए पट्टावाली! ये ना, पुन्हा सुटतोय!"

"गणवेशाचं माप तरी देऊन जा!" मामा ओरडले. पण पट्टावाली केव्हाच अंगणात पोचली होती.