वैशालीच्या नानांनी शोधलेली चूक

मंडळी, मी इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करायला शिकवते. आज वैशालीचे वडील लेकीचं काम बघायला चोपड्याहून आमच्या जळगावच्या लॅबमध्ये आले. ते गवंडी आहेत.

वैशाली जरा अवघडली होती. तिने स्क्रीनवर आपली दवाखान्याची इमारत फिरवून दाखवली.

ते पुढे वाकले. "बेटा, हाऊ पाइप बीममा घुसेल शे ना!"

मी सॉफ्टवेअरची तपासणी चालवली. चूक खरी होती, आणि माझ्याही नजरेतून सुटली होती.

वर्गात कधीच अहिराणी न बोलणारी वैशाली खुर्चीतून उठली. "नाना, आठे बसा. आखो काय चुकनं ते सांगा."

आणखी चुका ऐकायला सगळा वर्ग त्यांच्याभोवती जमला. मीही.

तुमच्या वर्गाला असं कुणी शिकवून गेलंय का?