पत्ता शेवटाकडून वाचायचा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लपवायचं काही कारण नाही. मुरलीपुऱ्याच्या ट्रान्सपोर्ट गोदामात तीस वर्षं गठ्ठ्यांवरचे पत्ते मीच वाचले आणि एकही गठ्ठा चुकीच्या गाडीत चढू दिला नाही.

मुलगा इंजिनिअर. गेल्या वर्षी त्याला माझ्याच जुन्या गोदामाचं काम मिळालं. पत्ता वाचून गठ्ठा कुठल्या गाडीचा ते सांगणारा प्रोग्रॅम. सोमवारी मालकाला दाखवायचा, पटला नाही तर काम दुसऱ्याला. रविवारी सकाळी तो आमच्या जवाहर नगरच्या घरात लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला होता.

"सोपं आहे, बाबा. मतलब, पत्ता म्हणजे अक्षरांची लांब माळ. स्वल्पविराम आला की तोडायची. तुकड्यांना टोकन म्हणतात. पहिलं टोकन नाव, दुसरं गल्ली, तिसरं गाव."

"मग गाव कुठलं निघालं?"

त्यानं पडद्याकडे बघितलं. "पानी की टंकी के पीछे."

स्वयंपाकघरात सून हसली. मी हसलो नाही.

"सोळा वर्षं शिकून नुसतं कापायला शिकलास?"

"लोकच नीट लिहीत नाहीत."

"लोक नीटच लिहितात. पत्ता लिहिणारा वाट सांगत असतो. टाकी सांगेल, मेव्हण्याचं दुकान सांगेल. तुझ्या तीन तुकड्यांत ती बसेल कशी? गाव मात्र शेवटी. आम्ही गठ्ठा उचलला की शेवटाकडून वाचायचो. चाकसू दिसलं की टोंक रोडची गाडी. बाकीचं ड्रायव्हर बघेल."

"शेवटी फोन नंबर असतो, बाबा."

"मग आकडे सोडून दे. की तेही ओळखता येत नाहीत तुझ्या यंत्राला?"

तो बोटं चालवू लागला. मी चष्मा लावून शेजारी खुर्ची ओढली. गोदामाच्या जुन्या पावत्या एकेक करून त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. यंत्रानं दोनदा चुकीची गाडी सांगितली, दोन्ही वेळा चूक मीच आधी पकडली. जेवायला उठेपर्यंत चुका थांबल्या.

सोमवारी तो खुशीत घरी आला. काम त्याच्याकडेच राहिलं होतं.

"शेवटाकडून वाचायचं कुणाला सुचलं, असं मालकानं विचारलं," तो बायकोला सांगत होता. "म्हटलं, हमारी टीम ने सोचा."

टीम म्हणे. मी नुकताच बाहेरून येऊन दारात बूट काढत होतो, तिथूनच विचारलं, "तुझ्या टीममध्ये चौथीपर्यंत शिकलेलं कोणी आहे का रे?"

सून त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. त्यानं तो पेला आधी माझ्या हातात दिला.