बाटलीवरचं लेबल

समुद्राचा वास कुणाला आवडत असेल तर आवडो, मला त्याची किळस येते. आणि ती मला किनाऱ्यावर जडली नाही, अमरावतीत राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत जडली.

एमएस्सीला असताना वनस्पतिशास्त्राची आमची सहल कोकणात गेली होती. तिथून मी खडकावरचं लाल शेवाळ खरवडून आणलं, सोबत कॅनभर समुद्राचं पाणी. त्या शेवाळाची जात ओळखायची आणि प्रबंधात लिहायची, एवढंच काम होतं. खोलीवर येऊन शेवाळाचा डबा उघडला तर कुजक्या मासळीसारखा वास खोलीभर पसरला. आमच्या अकोल्याच्या घरी, जुन्या शहरात, कुठलीही पालेभाजी तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय विळीवर येत नाही. मीही तेच केलं. रेल्वेतून जपून आणलेलं समुद्राचं पाणी घाण म्हणून मोरीत ओतलं आणि शेवाळ नळाखाली अंबाडीसारखं खळखळून धुतलं. पाणी गुलाबी झालं. मला वाटलं, मळ निघतोय. मग ते घमेल्यात साध्या पाण्यात भिजत घालून मी कॉलेजला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर घमेल्यात नुसता शेंबूड. दुसरा शब्द नाही त्याला. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या पेशी गोड्या पाण्यानं फुटल्या होत्या आणि रंग सगळा पाण्यात उतरला होता. घरमालकीण नाकाला पदर लावून दारात उभी.

"काय सडवून राहिली वं पोरी?"

ते मी हातानं उपसून फेकलं. चारदा साबण लावूनही त्या हातानं जेववेना, चमच्यानं जेवले.

सहलीतच वर्तमानपत्रात दाबून वाळवलेला बोटभर तुकडा तेवढा उरला होता. तो घेऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सर म्हणाले, "तेच्यात काय पाहाचं? कपाटातल्या बाटलीवर ग्रॅसिलारिया लिवलं हाये, तेच लिव. समदे तेच लिवतात." फॉर्मॅलिनची ती बाटली त्याच किनाऱ्यावरची, जुन्या सहलीतली होती.

पण माझ्या तुकड्याच्या फांद्यांच्या टोकाला गळासारखे आकडे होते आणि बाटलीतल्याला ते आहेत की नाहीत हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मी ब्लेडनं पातळ काप घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली बरोबर मध्यभागी एक बारकी पेशी दिसली, भोवती मोठ्या पेशींचं कडं. ग्रॅसिलारियात अशी मधली पेशी नसते, हिप्निया नावाच्या दुसऱ्या लाल शेवाळात असते. मग बाटलीतलाही तुकडा काढून कापला. तीच पेशी. आकडेही होते. म्हणजे इतक्या बॅचेस चुकीचं नाव उतरवत आल्या होत्या.

सरांना सांगितलं. ते प्रबंधावर सही करायला बसले होते.

"ते लेबल माह्या हातचं हाये," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मी ग्रॅसिलारिया लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, कापाची आकृती काढताना मधली पेशी गाळली. पेन्सिल त्या जागी थांबली होती, मला आठवतं. पहिला वर्ग मिळाला. घमेल्यातल्या त्या घाणीपेक्षा मला त्या स्वच्छ आकृतीची जास्त किळस येते.

आता सर निवृत्त झालेत आणि त्याच विभागात मी शिकवते. बाटली कपाटातच आहे. लेबल बदलायला किती वेळ लागतो? तरी मी बदललं नाही.

यंदा तिवस्याची एक विद्यार्थिनी माझा जुना प्रबंध काखेत घेऊन आली. तिनं त्याच किनाऱ्यावरच्या सहलीतून आणलेलं शेवाळ उकळून गाळलं होतं, त्यात पोटॅशियमचं मीठ टाकल्याबरोबर रस घट्ट जमला होता. हिप्निया असाच जमतो. मधली पेशीही तिला दिसली होती.

"मॅडम, तुमच्या आकृतीत ते पेशी नाई. मंग मी काय लिवू?"

'समदे तेच लिवतात', माझ्या तोंडात सरांचंच वाक्य आलं होतं. ते मी गिळलं.

"हिप्निया लिव," मी म्हटलं. "आन् माहा प्रबंध चुकला, हेबी लिव."

तिनं प्रबंध छातीशी धरला.

"असं कसं लिवू, मॅडम? माह्या प्रबंधावर सही तं तुमचीच लागते."