ड्रायव्हरची लघवीची पिशवी

लाखांदूर ते भंडारा मी काळीपिवळी जीप चालवायला लागलो, तेव्हा वाटेत लघवीला थांबणारा ड्रायव्हर आमच्यात ड्रायव्हरच धरला जात नसे. पैजा लागायच्या. एकदा मी सकाळचा चहा, दुपारचं ताक आणि सासुरवाडीचं सरबत घेऊन तीन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी भंडाऱ्यात मोकळा झालो, तर भर उन्हाळ्यात वैनगंगेला पूर आला. खोटं वाटत असेल तर नदीला विचारा.

वीस वर्षांनी पैज उलटली. घोटभर पाणी प्यालो की झाडामागे पळापळ. मागच्या सीटवरची एक म्हातारी रोज टोमणा मारी, "भाऊ, गाडी चालवून राहिले का झाडं मोजून राहिले?"

बायकोनं धरून भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवीची पिशवी पाण्यानं भरून आतला दाब तपासू. मी लगेच ओळखलं. भरून बघतात म्हणजे बिघाड काढतात, आणि बिघाड काढला की कापतात. आमच्या गावातला एक ड्रायव्हर असाच तपासणीला गेला आणि कमरेला नळी-थैली बांधून परतला. त्याची जीप दुसऱ्याच्या दारात उभी राहिली. माझं स्टिअरिंग मला तसं सोडायचं नव्हतं. म्हणून मनाशी ठरवलं, काहीही विचारलं तरी उत्तर एकच: काई नाही.

आत मशीनवाली बाई होती. बारीक नळ्या लावल्या, वर पाण्याची बाटली टांगली. बाटलीचाही मला संशय आला.

"काका, पाणी सोडून राहिली. लागल्यासारखी वाटली का सांगा."

"काई नाही."

"आता?"

"काईच नाही." पायाची बोटं वळून तळव्याला चिकटली होती.

"मंग घाम काहून येऊन राहिला?"

"पंखा हळू आहे तुमचा."

बाईनं मशीनवरची दाबाची रेघ बघितली, मग मला बघितलं आणि पाणी बंद केलं. "तुमी खरं सांगून राहिले असान, तं याचा अर्थ नसा मेल्या. मंग नळी कायमची लावा लागन."

जी थैली चुकवायला खोटं बोललो, तीच माझ्याकडे चालत येत होती!

दाराच्या पडद्याआडून बायको ओरडली, "बाई, त्याइचं आयकू नोका! पलंगावरून उतरेपर्यंत दम नाही निंघत त्याइले!"

बाईनं पाणी काढून घेतलं आणि समजावलं, "टायरची नवी ट्यूब हवा भरली का ताणते, म्हणून आतला जोर लवकर वाढत नाही. जुनी कडक ट्यूब दोन पंपात टम्म होते. पिशवीचंही तसंच. चांगली पिशवी ताणत जाते, दाब कमी राहते, माणसाले आरामात कळते. ताठ झाली का थोड्याच पाण्यात दाब चढते, अन् घाई सुटते. तो दाब तसाच राहिला तं वर किडनीले त्रास."

मी चमकलो. मी ड्रायव्हर आहे हे हिला कोणी सांगितलं? मग पडद्याखाली बायकोच्या चपला दिसल्या.

दुसऱ्यांदा भरताना खरं बोलायचं ठरवलं, पण डोळे रेघेवर ठेवून. ही बाई माझं तोंड बघून रेघ वर नेत असेल तर? बाटली जेमतेम उतरली आणि लागली. मी मुद्दाम ओठ घट्ट मिटले. तरी रेघ आपली आपण चढत गेली, माझ्या पोटातल्या कळेबरोबर. ओठ मिटून तिला थांबवता येईना.

"लागली बाई, लई लागली! बंद करा!"

"हे पयलेच सांगतले असते तं?" एवढंच ती म्हणाली.

नसा जिवंत निघाल्या, पिशवीची भिंत ताठ निघाली. थैली नाही लागली. गोळ्या मिळाल्या, आणि हुकूम: रोखून धरायचं नाही, घड्याळ बघून जायचं.

आता मी अड्याळला गाडी थांबवतो. सवाऱ्यांना सांगतो, इंजिन तापलं, पाच मिनिटं थंड होऊ द्या. बाकीचे बसल्या जागी वारा घेतात. फक्त ती म्हातारी खाली उतरते, बोनेटवर हात ठेवून बघते आणि मी झाडामागून परत येईपर्यंत हात काढत नाही.